वाळूजची कायम नोकरी सोडून गेवराईत मोटर वाइंडिंगचं दुकान टाकावं का?

थ्रीफेज
रामराम मंडळी. मी मूळचा गेवराई तालुक्यातला, आयटीआय इलेक्ट्रिशियन. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, कायम आहे, हातात अठ्ठावीस हजार पडतात. नोकरीचं नववं वर्ष चालू. बजाजनगरात भाड्याच्या दोन खोल्या, बायको, पोरगी पहिलीत. गावी आई-वडील आणि अडीच एकर, त्यातलं एक एकर जायकवाडीच्या उजव्या कॅनॉलखाली.

आयटीआयच्या आधी दोन उन्हाळे एका मिस्त्रीच्या हाताखाली मोटरी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायला, शिकलो होतो, हात अजून चालतो. आता वाटायलंय की गेवराईत गाळा घेऊन मपलं स्वतःचं दुकान टाकावं, पाण्यातल्या सबमर्सिबल, पाण्याबाहेरच्या मोनोब्लॉक मोटरी, स्टार्टर, सगळं. घरात मतं दोन आहेत. नोकरी केलेल्यांनी पण सांगा आणि धंदा केलेल्यांनी पण सांगा. फक्त "हिंमत कर, देव पाठीशी आहे" असलं नको, तेवढं मी स्वतःला रोजच सांगतो. काय कमवलं, काय गेलं, कुठं अडलं ते सांगा.

आष्टीकर
सोडू नको. कायम आहेस ना? संपला विषय.

गंगाथडी
सोड. दुसऱ्याच्या भोंग्यावर किती वर्षं उठायचं.

आष्टीकर
गंगाथडी भाऊ, आमच्या गावातली निम्मी घरं कोयता घेऊन सहा-सहा महिने बाहेर असतात. त्यांना विचारा महिन्याच्या सात तारखेला बँकेत पगार पडणं काय चीज असते. भोंगा वाजतोय म्हणजे चूल पेटतीय, मी तरी असंच बघतो.

वायरमन_नांदेड
थ्रीफेज, मी हाच धंदा करतो, नांदेड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. लिहितो सविस्तर, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे काम आहे का, तर आहे, लई आहे. मोटर जळायची कारणं तुला माहीत आहेत, व्होल्टेज पडतं, एक फेज जातो, नाहीतर विहिरीत पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली. शेतकऱ्यानं स्टार्टरमध्ये रिले (लोड वाढला की मोटर बंद पाडणारा) बांधून ठेवलेला असतो, ऑटोस्विच लावलेला असतो, रात्रीची लाईट आली की मोटर आपोआप चालू आणि धनी झोपलेला. सकाळी मोटर माझ्या दारात. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवायला वेळ नसतो. पावसाळ्यात मात्र दुकानात बसून माशा मारायच्या, आणि गाळ्याचं भाडं आषाढात पण तेवढंच असतं.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. या धंद्यात काम आणि पैसा एका महिन्यात कधी येत नाहीत. मोटर जळती तेव्हा शेतकऱ्याचं पीक उभं असतं, पाणी आजच पाहिजे, पैसे सुगीला. तू नाही म्हणू शकत नाहीस कारण तो तुझ्याच शेजारचा, कुणाचा तरी मेव्हणा. पण तांब्याची तार, बेअरिंग, बुश हे तुला रोखीनं आणावं लागतं. व्यापारी सुरुवातीला महिनाभर थांबतो, पुढं नाही थांबत. म्हणजे शेतकऱ्याच्या पिकाला भांडवल तू पुरवायलास, बिनव्याजी. सोयाबीनला भाव मिळाला तर वही मिटती, नाही मिळाला तर पुढच्या वर्षी. २०२४-२५ ला हमीभाव होता ४८९२ आणि बाजारात त्याच्या खाली विकलं लोकांनी, त्या दिवाळीला माझ्या वहीची पानं नुसती पुढं सरकली.

२०२५ च्या सप्टेंबरच्या पुराचं सांगतो. नदीकाठच्या मोटरी गाळात गेल्या, दुकानापुढं रांग लागली. इतकं काम मी आजवर बघितलं नव्हतं आणि इतकी रिकाम्या खिशाची माणसं पण बघितली नव्हती. ज्याचं सोयाबीन पाण्यात सडलं त्याला मजुरी कोणत्या तोंडानं मागणार? मोटरी भरून दिल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण घरी किराणा बायकोच्या बचत गटाच्या पैशावर आला हे पण खरं.

वर्षाचा हिशोब केला तर तुझ्या पगारापेक्षा मी जास्त कमावतो. महिन्याचा केला तर पाच-सहा महिने तुझ्या निम्म्यानं.

गंगाथडी
वायरमन दादा, हे लिहिलंत ते सोन्यासारखं आहे.

औसेकर
+१. "काम आणि पैसा एका महिन्यात येत नाहीत", आमच्या मंडप-डेकोरेशनमध्ये उलटं हाय, लग्नाच्या दिवशीच सगळे दानशूर असतात, दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत 😄 म्हणून आम्ही हळदीच्या दिवशीच बाकी मागून घेतो.

हिशोबनीस_लातूर
मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, लहान दुकानदारांचीच खाती बघतो. काही गोष्टी आकड्यात.

पीएफमधला मालकाचा जो हिस्सा असतो त्यातले ८.३३ टक्के, १५००० च्या मर्यादेत, म्हणजे महिना १२५० रुपये पेन्शन योजनेत जातात. या पेन्शनचा हक्क १० वर्षं सेवा झाल्यावर लागतो. तुमचं नववं चालू आहे. आज सोडलं तर त्या खात्याचे पैसे फक्त काढून घेता येतील किंवा पुढच्या नोकरीला जोडता येतील. १० भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन. सूत्र सोपं आहे, पगार गुणिले वर्षं भागिले ७०. १५००० वर १० वर्षांचे महिना २१४३ होतात.

ग्रॅच्युइटी ५ वर्षांनंतर मिळते, तुमची बसलेली आहे. शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याचे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून, गुणिले वर्षं. समजा बेसिक-डीए १६००० आहे तर ९ वर्षांचे ८३ हजारांच्या आसपास. हे तुमचं हक्काचं भांडवल आहे, राजीनाम्याच्या वेळी मागायला विसरू नका, लोक विसरतात.

तिसरं, घराचं किंवा कसलंही मोठं कर्ज काढायचं मनात असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच विचार करा. धंद्यात पडलात की बँक सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. आणि कर्ज काढून लगेच नोकरी सोडा असं मी म्हणत नाही, हप्ता तर चालूच राहतो.

औसेकर
२१४३ रुपयांसाठी माणसानं अजून वर्ष-दोन वर्षं भोंगा ऐकायचा? ५८ व्या वर्षी २१४३ मध्ये काय येणार, गोळ्या-औषधं पण नाही येणार.

हिशोबनीस_लातूर
औसेकर, रक्कम लहान आहे, मान्य. पण माझ्याकडं साठीच्या पुढचे दुकानदार येतात ज्यांना दर महिन्याला ठरलेलं येणारं काहीच नाही, एक रुपया नाही. त्यांच्यासमोर बसून हिशोब केला की २१४३ लहान वाटत नाहीत. शिवाय थोडक्यासाठी हक्क सोडू नये एवढंच माझं म्हणणं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात खरं, पण काठावर राहू नका, पुरी १० होऊ द्या.

उदगीरची_लेक
दादा, सगळे भाऊ हिशोब सांगायलेत, मी एक विचारते. वहिनींना काय वाटतं?

माझ्या सासरी हार्डवेअरचं दुकान आहे. पाटीवर सासऱ्यांचं आणि ह्यांचं नाव. सकाळी नऊ ते एक गल्ल्यावर मी असते, माल उतरवून घेते, उधारीचे फोन मी करते कारण बाईनं फोन केला की लोक जरा बरं बोलतात. त्याचा पगार नाही, सुट्टी नाही, आणि कुणी विचारलं वहिनी काय करतात तर उत्तर येतं "घरीच असते". धंदा एकट्याचा कधीच नसतो. पगार एकट्याच्या नावावर येतो, धंद्यात सगळं घर राबतं. तुम्ही फेरीला गेलात, कुणाच्या शेतात मोटर काढायला गेलात, की दुकानात कोण बसणार? वहिनीच. मग त्यांची इच्छा आहे का, आणि त्यांच्या नावावर काय ठेवणार, हे आधी बोलून घ्या.

मास्तर_परभणी
उदगीरची लेक, ताई, फार नेमकं बोललात. मी प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्त. माझ्या वेळी जुनी पेन्शन होती, ती मिळते म्हणून मी आज निवांत बसून हे टाइप करतोय. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या आमच्याच पोरांना ती नाही. म्हणजे "नोकरी म्हणजे सुरक्षा" हे वाक्य माझ्या पिढीला जेवढं लागू होतं तेवढं आता राहिलेलं नाही. खाजगीत तर कायम हा शब्दच कमी झालाय, जिकडं तिकडं कंत्राटी आणि ट्रेनी. या पोराला कायम मिळालंय याची किंमत त्यानं ओळखावी.

एक मात्र खरं, आपल्याकडं सोयरीक जमवताना अजून पहिला प्रश्न "मुलगा कुठं लागलाय?" हाच असतो. शिपाई चालतो, पण चार माणसांना काम देणारा दुकानदार चालत नाही.

एमपीएससी_चालू
मास्तर, माझ्या वर्गमित्राचं वडापावचं दुकान जोरात चालतं, त्याचं लग्न जमेना. शेवटी बायोडाटात "अन्नप्रक्रिया उद्योजक" लिहिलं, जमलं 😂

औसेकर
😂😂 थ्रीफेजनं "जलविद्युत अभियंता" लिहावं. अरे पण त्याचं लग्न झालंय, त्याला काय टेन्शन.

थ्रीफेज
सगळ्यांचे आभार. ड्युटीवरून आत्ता आलो. उदगीरच्या ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. बायको बजाजनगरात ब्लाउज शिवते, तिचं गिऱ्हाईक बांधलेलं आहे, शेजारच्या चार गल्ल्यांतल्या बायका तिच्याकडंच येतात. गावी गेलो तर तिचं सगळं परत पहिल्यापासून. तिचं म्हणणं, "तुम्ही तुमच्या धंद्यासाठी माझा धंदा मोडायलाव." आणि ती खोटं बोलत नाही.

उदगीरची_लेक
मग घरात एक धंदा आधीपासून आहेच की! तो तर कुणी मोजलाच नाही.

जालन्याचा_लेथवाला
थोडं वेगळं बोलतो. माझं जॉबवर्कचं शॉप आहे, सहा माणसं. मोठ्या कंपन्यांच्या खालच्या कंपन्यांना माल देतो. थ्रीफेज, तू शेतकऱ्याच्याच मोटरी का धरून बसलास? वाळूज, चिकलठाण्यात छोट्या शॉपमधल्या मोटरी रोज जळतात. मशीन बंद म्हणजे उत्पादन बंद, त्यांना मोटर संध्याकाळपर्यंत पाहिजे असते आणि भावात घासाघीस कमी. तुझी मेंटेनन्सची ओळख तिथंच आहे. बायकोचा धंदा पण मोडत नाही.

पण कंपनीकडं उधारी नसते असं समजू नको. कायद्यात लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असं २००६ पासून आहे. आता तर आयकरात पण आलं, वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरता येत नाही. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पण माझ्या ओळखीत सहसा कुणी तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर पाहिजे असते. माझे नव्वद दिवस सरळ जातात. दर महिन्याच्या सात तारखेला सहा जणांचा पगार मात्र करावाच लागतो. आष्टीकर म्हणतात तो सात तारखेचा आनंद, तो मी सहा घरी पोचवतो आणि त्यासाठी पाच तारखेपासून मला झोप नसते. तरी मी हे सोडून नोकरीला जाणार नाही. दुष्काळात, लॉकडाऊनमध्ये माझ्या माणसांना मी काढलं नाही, ते मला कंपनीत मॅनेजर असतो तर करता आलं नसतं.

आष्टीकर
लेथवाले मालक, हे वाचून बरं वाटलं.

पैठणचा_शेतकरी
एक मुद्दा कुणीच काढला नाही. सोलर! आमच्या शिवारात "मागेल त्याला सौर कृषी पंप" मधनं भराभर पंप बसायलेत. शेतकऱ्याला १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५, अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, पुढं साडेसात. आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीच्या माथ्यावर. म्हणजे तो पंप बिघडला तर तुझ्याकडं येणारच नाही. आज बोर्ड लावशील आणि निम्मं गिऱ्हाईक सोलरवर गेलेलं असंल. ह्याचा विचार केलास का?

वायरमन_नांदेड
पैठणकर, मुद्दा एकदम बरोबर. मी पण रोज हाच विचार करतो. माझं निरीक्षण असं, सोलरवाल्यांची तक्रार केली तरी माणूस यायला वेळ लागतो आणि पिकाला तेवढा दम नसतो, मग लोक आमच्याकडं येतातच. पण वॉरंटीतल्या पंपाला आम्ही हात लावला तर वॉरंटी जाईल म्हणून शेतकरी घाबरतो. दुसरं, वीजपंप लगेच संपणार नाहीत, साडेसात एचपीपर्यंत २०२४ पासून बिल माफ आहे, फुकटाची लाईट कोण सोडतंय. पण नवीन दुकान टाकणाऱ्यानं सोलरचा कंट्रोलर, बीएलडीसी (बिनब्रशची डीसी) मोटर शिकूनच यावं. नुसत्या वाइंडिंगवर पुढची वीस वर्षं निघणार नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

एमपीएससी_चालू
पीएम विश्वकर्मामधनं कर्ज मिळंल ना याला? कमी व्याजाचं?

हिशोबनीस_लातूर
नाही. त्यात १८ ठरलेले पारंपरिक व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी वगैरे. मोटर वाइंडिंग त्यात बसत नाही. (शिंपी बसतो, वहिनींनी बघावं!) यांच्यासाठी मुद्रा कर्ज आहे, शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. पीएमईजीपी पण आहे, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) ३५ टक्के अनुदान. तुम्ही अटींत बसत असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा पण बघा, त्यात आधी हप्ता आपण भरायचा, व्याज मागनं खात्यात येतं. उद्यम नोंदणी फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. जीएसटी, सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या वर गेलात तरच.

पण खरं सांगू, अनुदानासाठी धंदा सुरू केलेले आणि अनुदान येईपर्यंत धंदा बंद पडलेले, दोन्ही मी बघितलेत. अनुदान पकडूनच जमणारा हिशोब असेल तर तो जमलेला नाही.

गंगाथडी
कर्ज मागायला गेलं की बँकेतले साहेब पहिलं विचारतात, "नोकरी आहे का?" म्हणजे धंद्याच्या कर्जाला पण नोकरी पाहिजे. मी एका बँकेत भोगलंय.

मास्तर_परभणी
थ्रीफेज, एक विचारू का? तुझी पोस्ट परत वाचली. पगार कमी पडतो असं तू कुठंच म्हटलं नाहीस, साहेब त्रास देतो असंही नाही. आई-वडील गावी आहेत हे मात्र लिहिलंस. तुला धंदा करायचाय, की गावी जायचंय?

थ्रीफेज
सर, तुम्ही पकडलंत.

वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालतात, पण डावा हात काम करत नाही. आई एकटी सगळं बघती, दूध काढण्यापासून पाणी देण्यापर्यंत. रात्रपाळीला असताना गावाकडनं फोन आला की काळजात धस्स होतं, फोन साधाच असतो, पण घेईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. वाळूज ते गेवराई लांब नाही, पण सुट्टी मिळवून, बस धरून पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुकान टाकलं तर रोज संध्याकाळी घरी असंन, एवढंच डोक्यात आहे. वाइंडिंग येतं म्हणून वाइंडिंग.

आष्टीकर
हे आधी सांगायचं ना भावा. माझं "सोडू नको" मागं घेतो. माझे वडील मी पुण्यात असताना गेले. पगार त्या महिन्यात पण सात तारखेलाच पडला.

उदगीरची_लेक
दादा, आई-वडिलांना वाळूजला आणता येत नाही का?

थ्रीफेज
आणलं होतं ताई. दोन खोल्यांत, पत्र्याच्या छताखाली, वडील खिडकीतनं नुसतं रस्ता बघत बसायचे. परत सोडून आलो. शेत दिसलं की ते खुलतात.

जालन्याचा_लेथवाला
मग माझा वाळूजचा सल्ला सोडून दे. गावीच जा. पण असं जा की पहिल्या पावसाळ्यातच परत यावं लागणार नाही. सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला, त्याला हात लावायचा नाही. आणि वहिनींची मशीन पहिल्या दिवशीच गाळ्यात मांड. दुकान त्यांच्या नावावर असलं तर आणखी चांगलं, योजनांत महिलेला जास्त सवलत असते.

वायरमन_नांदेड
मी पण हेच म्हणणार होतो. पावसाळ्यात तुझं बंद तेव्हा नागपंचमी, राखी, गौरी-गणपती, वहिनींचं जोरात. उन्हाळ्यात लग्नसराई आहेच. या घरात महिन्याचा पैसा ब्लाउजचा येणार आणि वर्षाचा मोटरीचा. तू आजवर उलटं समजत होतास.

एक कर, तुझ्या साप्ताहिक सुट्टीला गेवराईतल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडं जाऊन बस. मात्र नेमणूकपत्र वाच, नोकरीत असताना दुसरा धंदा करू नये असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं. पैसे घेऊ नको, नुसतं काम बघ, कोण गिऱ्हाईक येतं, कोण उधारी बुडवतं ते बघ. गावातली बुडव्यांची यादी फुकट मिळंल, ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाही.

थ्रीफेज
रात्री बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. "घरात एक धंदा आधीपासून आहेच" तिथं थांबली आणि म्हणाली परत वाचा.

आमचं ठरलं ते असं. पेन्शनची १० वर्षं पुरी करायची, तोवर नोकरी. या काळात सोलर कंट्रोलरचं शिकून घ्यायचं. चुलतभाऊ शेजारीच राहतो, वडिलांकडं रात्री बघायचं त्यानं कबूल केलं, त्याच्या बदल्यात कॅनॉलखालचं एकर त्याला वाट्यानं. गाळा बायकोच्या नावावर, रस्त्याच्या बाजूला तिचं टेलरिंग, मागं माझं वाइंडिंग. आणि निघायचं ते दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे लगेच रब्बीचं काम मिळंल, पावसाळा आधीच सरलेला असंल.

वायरमन दादा, सुरुवातीला काय काय लागंल ते सांगता का? जुनं काही चालंल?

वायरमन_नांदेड
दसऱ्याला निघायचं हे पक्कं केलंस ते बेस्ट.

काउंटरवालं हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन जुनं चालंल, तारेचे वेढे घालायचे फर्मे चार आणि सहा इंची मोटरीचे दोन्ही ठेव. मेगर (इन्सुलेशन तपासायला) आणि टाँग टेस्टर (करंट मोजायला) नवेच घे, त्यात काटकसर नको. बेअरिंग पुलर, मोटर उचलायला घोडी आणि चेन पुली. सबमर्सिबल भरल्यावर पाण्यात बुडवून तपासायला टाकी बांधून घे, लोक हे टाळतात आणि मोटर विहिरीत सोडल्यावर परत काढावी लागते. मोनोब्लॉकला वार्निश सुकवायची भट्टी. थ्री फेज मीटरचा अर्ज गाळा घेतल्या घेतल्या टाक, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तार एकदम भरू नको, भाव वरखाली होतो, पंधरा दिवसांपुरती ठेव.

आणि कधी नांदेडकडं आलास तर दोन दिवस माझ्याकडं काढ. ऐन हंगामात ये, म्हणजे दिसंल सगळं. राहायची-जेवायची सोय घरी.

उदगीरची_लेक
वहिनींना सांगा, फॉल-बिडिंग आणि अस्तराचं सामान पण ठेवा गाळ्यात, शिवायला आलेली बाई ते तिथंच घेते. आणि उधारी नको म्हणावं, बायका रोख देतात.

औसेकर
उद्घाटनाचा मंडप माझ्याकडनं. बाकी हळदीच्या दिवशी मागणार नाही 😄